घरच्या वेळेचं घड्याळ

दादाला किती वाजले असं विचारलं की तो आधी आईचं सांगायचा. मनगट डोळ्यांजवळ न्यायचा आणि म्हणायचा, "आई आत्ता फुलं तोडून राहिली असेल." मग आपण थोडं थांबायचं. मनातल्या मनात त्याची वजाबाकी झाली की उत्तर यायचं, "म्हणजे इथले रात्रीचे साडेआठ. चला, कुकर लावा." नागपूरहून निघताना मनगटावर जी वेळ होती, तीच त्याने सात वर्षं अमेरिकेत सांभाळली. काटे कधी हलवले नाहीत.

स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावात माझं आणि युमीचं अपार्टमेंट वरच्या मजल्यावर, आणि बरोबर खाली दादा आणि शिरीष. मी पुण्याची, शिरीष मुंबईचा, युमी जपानमधल्या एका बेटावरची. दादा आमच्याहून बराच मोठा, दगडांवर पीएच.डी. करणारा, आणि विद्यापीठात इतकी वर्षं काढलेला की कॅम्पसच्या बसचे ड्रायव्हर त्याला नावाने हाक मारायचे. शिरीषने त्याचं नाव 'प्रमाणवेळ' ठेवलं होतं. "यार, एकदा सेट करून टाक ना ते घड्याळ," तो वैतागून म्हणायचा. दादा शांतपणे म्हणायचा, "काटे काय बे, फिरवले की फिरतात. मग आई काय करून राहिली ते मला कसं कळणार?"

तर आम्हालाही ते सगळं पाठ झालं होतं. सकाळी लॅबमध्ये शिरलो की तिकडे आई देवापाशी दिवा लावत असणार. रात्री आमचा भात शिजत असला की ती परडी घेऊन अंगणात उतरलेली असणार, जास्वंद आधी, मग कुंपणाजवळची तगर. मी त्या बाईंना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या अंगणातली झाडं मला ओळीने सांगता आली असती.

अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळं पुढेमागे करतात. त्या रविवारी आम्ही खुर्चीवर चढून भिंतीवरचं घड्याळ बदलायचो आणि दादा खाली बसून चहा पीत आपल्या डोक्यातला आकडा बदलायचा. "हिवाळ्यात साडेदहा, उन्हाळ्यात एक कमी," असं तो मोठ्याने म्हणायचा, पाढे म्हणावेत तसं. तेवढ्यावर त्याचं काम भागायचं. या हिशोबावर त्याने कधी बस चुकवली नाही.

चुकवलं ते फक्त घर. सात वर्षांत तो एकदाही नागपूरला गेला नव्हता. सुरुवातीला पैसे नव्हते, आणि २००१ नंतर व्हिसाची भीती बसली. त्याच्या विषयात किरणोत्सारी खनिजं यायची, त्यामुळे भारतात जाऊन शिक्का मागितला की चौकशी लागायची आणि माणूस महिनोन् महिने अडकायचा. तसे दोघे त्याच्या डोळ्यांदेखत अडकले होते. वडील आधीच गेलेले, घरी आई एकटी. ती फोनवर म्हणायची, "काम संपव, मग ये. मला काय होतंय?" दादा हे आम्हाला इतक्या आनंदाने सांगायचा की आम्हालाही ते खरं वाटायचं.

२००६च्या उन्हाळ्यात त्याचं काम एकदाचं संपलं. अमेरिकेतच, पश्चिमेकडच्या एका विद्यापीठात पुढच्या संशोधनाची जागा मिळाली आणि तिच्यासाठी नवा व्हिसा हवा झाला. नेमकं त्याच वेळी युमीने आम्हा सगळ्यांना आजीच्या बेटावर बोलावलं. दादाने ओसाकामधली व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळवली; तिथे चौकशीत अडकवत नाहीत असं त्याने ऐकलं होतं. आठवडाभर बेट, मग ओसाकाला शिक्का, मग सरळ परत. मी म्हटलं, "दादा, तिथून नागपूर किती जवळ आहे! जाऊन ये ना." तो म्हणाला, "जवळ आहे म्हणूनच भीती वाटते. एकदा घरात शिरलो, तर ही नोकरी माझी वाट पाहत बसणार नाही." मग मनगट वर केलं आणि विषय बदलला.

बेट लहानसं होतं. फेरी धक्क्याला लागली की अर्धं गाव दिसायचं, उरलेलं अर्धं टेकडीमागे. उतारांवर सगळीकडे संत्र्याच्या जातीच्या झाडांच्या बागा, एक बंद पडलेली शाळा, आणि धक्क्यावर माशांच्या आशेने बसलेली मांजरं. दादा दर दहा पावलांवर थांबून खडकावर हात ठेवायचा आणि "ग्रॅनाइट, ग्रॅनाइट," असं आम्हाला बजावायचा. शिरीष म्हणाला, "यार, आम्ही काही नाही म्हटलंय का?" चार दिवस आम्ही असेच भटकलो. बागांतल्या पायवाटांनी वर चढायचं, माथ्यावर बसून आजूबाजूची बेटं मोजायची आणि त्यावरून भांडायचं.

युमीच्या आजीला दादा पहिल्या क्षणापासून 'आजी' म्हणू लागला आणि तीही ओ देऊ लागली. दादा नागपूरचा असल्यामुळे संत्र्याच्या बाबतीत त्याच्याकडे कुणाला दयामाया नव्हती. स्टेट कॉलेजच्या दुकानातल्या संत्र्यांना तो 'रंगवलेली लिंबं' म्हणायचा. आजीने तिच्या बागेतलं जाड सालीचं, आंबटगोड फळ त्याच्यासमोर सोललं. नुसती साल काढून थांबली नाही, प्रत्येक फोडीवरचा पापुद्राही अलगद सोडवला आणि उघडा गर त्याच्या तळहातावर ठेवला. दादा बराच वेळ चघळत राहिला. मग म्हणाला, "आई अशीच देते." सकाळची वेळ होती. त्याने घड्याळ पाहिलं. "आत्ता फुलं तोडून राहिली असेल."

आजीने युमीकडून विचारलं, आईला भेटून किती दिवस झाले? दादाने सात बोटं वर केली. आजीला आधी ते सात महिने वाटले. युमीने समजावून सांगितल्यावर तिने हातातलं फळ खाली ठेवलं आणि उठून आत गेली.

पाचव्या दिवशी आम्ही समोरच्या बेटुकल्यावर गेलो. ओहोटीला मधली वाळू उघडी पडते आणि चालत जाता येतं. तिकडे पाइनची झाडं आणि एक इवलंसं देऊळ. युमी आजीला मदत करायला घरी थांबली होती. निघताना तिने आम्हाला पुन्हा पुन्हा बजावलं, चारच्या आत परत फिरा, पाणी चढायला लागलं की ओढ फार असते. आमचे अमेरिकेतले फोन तिथे चालत नव्हते. पण फिकीर कशाला करायची? बरोबर दादा होता. मी एकदा विचारलंही. त्याने मनगट पाहिलं, ओठ हलवले आणि म्हणाला, "तीनच वाजले. भरपूर वेळ आहे. बसा निवांत."

आम्ही निवांत बसलो. परत आलो तेव्हा वाळू नव्हती. जिथून चालत आलो होतो तिथे हिरवं पाणी वाहत होतं, आणि चांगलं जोरात.

शिरीष ओरडला, "दादा, किती वाजले नक्की?" दादा घड्याळाकडे पाहत राहिला. मग त्याचा चेहरा उतरला. "साडेतीन तास मिळवायचे होते," तो म्हणाला. "मी उन्हाळा म्हणून एक कमी केला. इथे घड्याळं बदलत नाहीत ना." कोट्यवधी वर्षांचा दगड हातात घेऊन वय सांगणारा माणूस एका तासाने चुकला होता. शिरीष आधी चिडला, मग हसायला लागला, मग मीही. दादा हसला नाही.

पलीकडून युमीने आम्हाला पाहिलं होतं. तिने हात हलवून थांबायची खूण केली आणि गावाकडे पळाली. आता होडी येईपर्यंत बसून राहणंच हाती होतं. मला वातावरण हलकं करायचं होतं. मी विचारलं, "दादा, आई आत्ता काय करतेय?"

त्याने सवयीने मनगट उचललं. "जेवून जरा पडली असेल. उशाशी रेडिओ..." आणि तिथेच थांबला. पहिल्यांदाच त्याचं वाक्य अर्धं राहिलेलं मी ऐकलं.

"मला काय माहीत?" तो म्हणाला. "सात वर्षांपूर्वी ती काय करायची ते सांगत बसतो मी. जिथे स्वतः उभा आहे तिथले किती वाजले ते मला कळलं नाही, आणि तिथलं सांगून राहिलो!"

मला त्याची इतकी माया आली, की मी सरकून त्याला चिकटून बसले. दादाचे डोळे पाण्याने भरले होते आणि तो ते लपवतही नव्हता. अंधारायच्या आत युमीचे काका मच्छीमारीची होडी घेऊन आले. आम्हाला रागावण्याऐवजी त्यांनीच वाकून माफी मागितली, यायला उशीर झाला म्हणून. दादा त्यांच्या पाया पडायला गेला तेव्हा होडी चांगलीच डगमगली.

निघायच्या दिवशी आजी धक्क्यावर आली. तिच्या हातात निळ्या कापडाची गाठोडी होती. तिने ती दोन्ही हातांनी दादासमोर धरली. युमी म्हणाली, "ही तुझ्या आईसाठी. आजी म्हणते, आठवड्याच्या आत खायला हवीत. नंतर रस आटतो." आत बागेतली फळं होती. दादाने ती घेतली, आणि ओसाकापर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाहीत. शिरीष म्हणाला, "आपणच खाऊन टाकू यार, तू कुठे नागपूरला चाललायस?" दादा म्हणाला, "हात लावू नको बे."

ओसाकाला उतरल्यावर तो मुलाखतीच्या ठिकाणी गेलाच नाही. तिकिटांच्या खिडकीपाशी गेला आणि मुंबईमार्गे नागपूरचं तिकीट काढून आला. मी म्हटलं, "दादा, आणि नोकरी?" तो म्हणाला, "फळं सुकतील ना." एवढंच. विमानतळावर निरोप घेताना शिरीष, जो कशानेच हलत नाही असा आमचा समज होता, त्याच्या गळ्यात पडून रडला.

पंधरा दिवसांनी त्याचा फोन आला. आधी आजीसाठी निरोप, की आईने फळं खाल्ली, फोडी त्याने सोलून दिल्या. मग म्हणाला, "अगं, आई फुलं तोडत नाही. दोन वर्षं झाली. गुडघे गेले तिचे, पायरी उतरवत नाही. मी फोनवर विचारायचो ना, 'फुलं तोडून राहिली ना?' ती 'हो' म्हणायची."

"आता?" मी विचारलं.

"आता मी तोडतो. जास्वंद आधी, मग तगर."

भारतातून अर्ज केल्यावर व्हिसा अडकायचा तो अडकलाच, आणि पश्चिमेकडची जागा दुसऱ्या कुणाला गेली. दादा नागपुरातल्या एका कॉलेजात शिकवू लागला. हळहळ वाटते का, असं मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "वाटते ना, काहून नाही वाटणार? पण आई हाक मारते आणि उठावं लागतं." दोन वर्षं ती दोघं एकत्र राहिली. २००८च्या पावसाळ्यात आई गेली. तेव्हा तो जवळ होता.

तोवर मी नोकरीसाठी अमेरिकेतल्याच कॅरी नावाच्या गावी आले होते. त्या नोव्हेंबरात एका रविवारी फोनने मला झोपेतून उठवलं. पलीकडे दादा. "अजून झोपून राहिली? आठ वाजून गेले. तुझी कपडे धुवायची वेळ. मग भाजी आणायला जाशील."

"तुला कसं कळलं?" मी डोळे चोळत विचारलं.

"घड्याळात दिसून राहिलं ना," तो म्हणाला. "काटे फिरवले मी. आई गेल्यावर घरची वेळ कुणासाठी ठेवायची? तुमची लावली. तू एका गावी, शिरीष दुसऱ्या, कोण काय करत असेल ते बघत बसतो."

मी भिंतीकडे पाहिलं. सात वाजले होते. आदल्या रात्री अमेरिकेने घड्याळं तासभर मागे घेतली होती, आणि दादाला त्याची खबर नव्हती.

"हो रे, उठलेच होते," मी म्हटलं, आणि फोन कानाशी धरून चहाचं आधण ठेवलं.