दाजींच्या शेततळ्यातला समुद्र

जालन्याला कोणी बियाणं घ्यायला जातं, कोणी सळई. मी अलिबागची बाई तिथे कोळंबी बघायला गेले. असा शहाणपणा करणारी मी बहुधा पहिलीच.

कारण नणंदेचा, सुनंदाचा फोन. "वहिनी, ह्यान्नी शेततळ्यात मीठ टाकलंय. त्याच पाण्यानं माझी मोसंबी जळून राह्यली. तुम्ही समुद्राकडच्या, तुमचं ऐकतील. जल्दी या."

रात्रीच्या बसने निघालात तर सकाळी जालन्यात. तिथल्याच मस्तगड भागात चहा-पोहे खाऊन घ्या, कारण पुढे घनसावंगीपर्यंतच्या एसटीत पोटातलं जागच्या जागी राहील याची हमी नाही. तिथून कुंभार पिंपळगावला जीप. भाडं किरकोळ, पण भरल्याशिवाय ती हलत नाही, आणि भरली म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो. त्याला दाजींचं, म्हणजे सुनंदाच्या नवऱ्याचं, नाव सांगितलं तर तो हसला.

"झिंगेवाले का? बराबर सोडतो. लई लोकं बघायला येऊन राह्यलेत."

दाजी तळ्यावर गमबूट घालून उभे होते. बंदरावर उभे असावेत असा रुबाब. काठावर मिठाची रिकामी पोती, पाण्यात फेस काढणारी चाकं.

"वहिनी, हा साधा झिंगा न्हाई. जीन बदललेल्या माद्या हायेत. खायच्या न्हाईत, पिल्लं काढायच्या."

"काढली?"

"अजून वाढून राह्यल्यात."

"आणि याला परवानगी असते ना?"

"एजंट म्हणला, बिलकुल टेन्शन घेऊ नका."

एजंट कुठे आहे ते दाजींना ठाऊक नव्हतं. माद्या किती वाढल्या हे मात्र त्यांनी बोटांनी, वितीने आणि शेवटी हाताने दाखवलं. माणूस स्वतःच्या लेकराचंही इतकं कौतुक करत नाही.

तळ्यामागे सुनंदाची बाग. तिने स्वतः लावलेली. पानांच्या कडा करपलेल्या, कोवळी फळं खाली पडलेली. ठिबक बंद करून ती विहिरीचं पाणी हंड्याने घालत होती, पुरेल तेवढ्या झाडांना. मला भयंकर राग आला.

दाजींनी जाळीतून एक मादी काढून माझ्या हातावर ठेवली. दुसऱ्या हातात त्यांचा मोबाइल होता. खोटं कशाला बोलू, कोळंबी दांडगी होती. मी म्हणाले, "एवढी मोठी कोळंबी मी अलिबागलाही पाहिली नाही. पण दाजी, हे खारं पाणी बागेचा जीव घेईल. मीठ बंद करा."

"बराबर हाय, वहिनी," दाजी म्हणाले.

जेवायला भाकरी आणि वांग्याचं भरीत, दोन्ही झकास. कोळंबी अर्थातच नव्हती. निघताना सुनंदाने पिशवीभर मोसंबी दिली. मी मोहीम फत्ते करून आल्यासारखी घरी परतले.

दोन-चार दिवसांनी नात्यातल्याच कोणीतरी व्हिडिओ पाठवला. हातावर कोळंबी घेतलेली मी. "एवढी मोठी कोळंबी मी अलिबागलाही पाहिली नाही." व्हिडिओ संपला. खाली लिहिलं होतं, समुद्रकाठच्या तज्ज्ञ मॅडम.

पाठोपाठ सुनंदाचा फोन. "वहिनी, तुमचा व्हिडिओ बघून शेजारच्या तळ्यातबी मीठ पडलं. त्यांची मोसंबीची बाग माझ्यापेक्षा मोठी हाय." ती चिडली नव्हती, हेच मला सोसलं नाही.

म्हणून माझं कापलेलं वाक्य इथे पुन्हा लिहिते: मीठ बंद करा. कोळंबी खायची असेल तर अलिबागला या. जालन्याला मोसंबी खायला जा, आणि जायचंच असेल तर लवकर जा.