फ्लेक्सवरचा जपानी

कशेडी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या वाडीत माणसाची किंमत वर्षातून एकदाच ठरते, मे महिन्यात, मुंबईला कामाला गेलेल्या गाववाल्यांच्या मंडळाच्या पूजेला. शाल-श्रीफळ कुणाला मिळालं, हायवेच्या फाट्यावर फ्लेक्स कुणाचा लागला, यावर पुढचं वर्षभर माणूस ओळखला जातो. माझी मुलगी जिल्ह्याच्या फुटबॉल संघात निवडली गेली, पण मंडळाचा सगळा जीव क्रिकेटमध्ये. म्हणून तिचा फ्लेक्स मीच लावायचं ठरवलं.

तिची एकच अट होती. वर, जिथे पुढाऱ्यांचे फोटो असतात, तिथे तिचा आवडता जपानी खेळाडू हवा. तो काही जगप्रसिद्ध वगैरे नव्हे. युरोपातल्या कुठल्याशा संघातल्या बचावफळीत खेळतो, गोलबिल करत नाही. "त्याच्या देशातपण बेसबॉलवाल्यांचीच हवा हाय, पप्पा," ती सांगायची. "याला रस्त्यात कोण ओळखत नाय. तरी खेळतो ना." त्याचा एकेक सामना तिने मला मोबाइलवर शेजारी बसवून दाखवला होता. मी बिरवाडीच्या कारखान्यातून दमून यायचो, तरी बघायचो. शेवटी मलाही त्याची चाल ओळखता यायला लागली.

पूजेच्या आदल्या दिवशी मुंबईच्या गाड्या आल्या. मंडळाचे अध्यक्ष, म्हणजे माझेच चुलतभाऊ, फ्लेक्सखाली थांबले. "हा कोण रे? हॉटेलातला नेपाळी वर, नि अध्यक्ष कुठंच नाय?"

सगळे हसले. लाज वाटते सांगायला, पण मीही हसलो.

मग मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "पोरीचं नाव सत्काराच्या यादीत घालतो. तेवढं वरचं बघ." त्यांच्या फोटोचे मोठे स्टिकर गाडीत तयारच असतात. शिडीवर मीच चढलो आणि जपान्याच्या तोंडावर चुलतभावाचं तोंड चिकटवलं, कोपरे नीट दाबून. खाली मुलगी उभी होती. 

यादीत तिचं नाव सगळ्यात शेवटी आलं. शाल अंगावर पडली तेव्हा अर्धा मांडव पंगतीला उठून गेला होता. म्हणजे हात दाखवून अवलक्षण. जून लागला तशी ती सरावाला जायची बंद झाली. विचारलं तर म्हणायची, अभ्यास आहे.

पावसाळ्यात तो फ्लेक्स मी लाकडांवर टाकला. आठवडाभराच्या झडीने स्टिकर सुटला आणि खालून जपानी बाहेर आला. मला मूर्खासारखा आनंद झाला. "गो, बघ, तुझा खेळाडू," मी हाक मारली.

ती दारात आली. फ्लेक्सकडे तिने पाहिलंच नाही.

"काकांना तो ठाऊक नव्हता," ती म्हणाली. "तुम्ही तर ओळखत होतात, पप्पा."