बाबांनी गाडीला बांधलेलं पोतं

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी आजवर टिंगलच केली आहे. त्यातून माझा धंदा एसी-फ्रिज दुरुस्तीचा... बर्फ कुठे जमतो, का जमतो, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. तरी लिहितोय, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय उरलेली नाही.

आम्ही वर्ध्याजवळच्या आंजी मोठीचे. बाबांनी जन्मभर जीप चालवली; हिवाळ्यात इंजिन गार पडू नये म्हणून ते तिच्या जाळीवर पोतं बांधायचे. गेल्या हिवाळ्यात त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी वर्ध्याला न्यावं लागायचं, सकाळी सहाला निघून. माझी गाडी इलेक्ट्रिक, तिच्यात हीट पंप — तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत सोडतो. त्यासाठी समोरच्या जाळीमागच्या कॉइलला भरपूर हवा लागते.

एका धुक्याच्या सकाळी निम्म्या वाटेत हीटर गार हवा फेकायला लागला. मागच्या सीटवर, डाव्या बाजूला, बाबा शालीत कुडकुडत होते. उतरून पाहतो तर जाळीवर पोतं बांधलेलं, डाव्या अंगाला दोन गाठी. हवा कोंडून कॉइलवर बर्फ चढला होता.

"थंडी लय हाये ना... जीपले बांधत होतो तसंच बांधलं," बाबा म्हणाले.

"हे तुमची जीप नोय, बाबा. समजत नाई त काऊन हात लावता?"

रस्त्याकडेला कुणीतरी शेकोटी पेटवली होती. मी ते पोतं त्यांच्या देखत तिच्यात टाकलं.

"नाई लावत बापा," एवढंच ते म्हणाले. त्यानंतर गाडीत थंडी वाजते असंही कधी म्हणाले नाहीत. जानेवारीत गेले. माफी उद्या मागू, उद्या मागू म्हणत राहिलो, ती राहूनच गेली.

मग मे महिना. गाडी दोन दिवस बंद, अंगणात उभी. सकाळचे दहा, फरशीचे पायाला चटके बसत होते... आणि जाळीमागे बर्फ. त्यावर पोत्याची वीण उमटलेली, डावीकडे दोन गाठींचे उंचवटे. बोट लावलं तर विरघळले. हे सलग सहा दिवस. गॅस, सेन्सर, वायरिंग — मी सगळं तपासलं, सर्व्हिसवाल्यांनीही तपासलं. गाडीत दोष नाही.

सहाव्या दिवशी बायको बराच वेळ त्या बर्फाकडे बघत राहिली. "बाबाइले अजून थंडी वाजून राह्यली का हो?"

त्या संध्याकाळी मी स्वतः नवं पोतं बांधलं. डावीकडे, दोन गाठी. चुकलो बाबा, असं मोठ्याने म्हणालो... पहिल्यांदाच.

सकाळी कॉइल कोरडी होती. मला इतकं हलकं वाटलं की डोळे भरून आले. मग बाबांची शाल अजून गाडीतच होती, ती घडी करून ठेवायची म्हणून मागचं दार उघडलं.

सीटवर, डाव्या बाजूला, माणूस बसेल तेवढ्या जागेत बर्फ होता.

कारण मला आजही सांगता येत नाही. पंचेचाळीस अंशांत मी हीटर लावून दुकानात जातो. शर्ट घामाने चिंब होतो, लोक हसतात. सिग्नलला हात मागे नेऊन सीट चाचपतो. ती जागा काही गरम होत नाही.