गस्टीनपर्यंत न थांबता

देओलिंडाताई बोर्बा, माझी नणंद, तुलेरी गावात अठ्ठावीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करत होती. निवृत्त झाल्यावर तिनं घरामागच्या शेडमध्ये स्वतःचं गॅरेज काढलं. बाकीच्यांनी हात टेकलेली गाडी दारात आली की ताईला लग्नाचं बोलावणं आल्यासारखा आनंद व्हायचा.

अशीच एकदा अन्सेल्मोकाका टोस्टेंची गाडी आली. काका बहात्तर वर्षांचे, विधुर, सत्तर गाईंचे मालक. गाडीतला इंजिनाचा पिवळा दिवा चार महिने त्यांचा पिच्छा सोडत नव्हता. दिवा लागलेली गाडी धुराच्या तपासणीत नापास, आणि नापास गाडीची नोंदणी होत नाही. तीन मेकॅनिकांनी आधी सेन्सर बदलला, मग धूर स्वच्छ करणारा अख्खा डबा. आठवडाभर बरं जायचं, की दिवा पुन्हा हजर.

काकांची घाई वेगळीच होती. जत्रेतल्या नाचात त्यांची गस्टीन गावच्या फिलोमेनाबाईंशी ओळख झाली होती आणि बाईंनी जेवायला बोलावलं होतं. काकांकडे दुसरं वाहन म्हणजे गोठ्याचा ट्रक. त्याच्या वासानं बाई दार लावून घेतील, अशी त्यांना खात्रीच होती.

ताईनं गाडीला दोष वाचणारं यंत्र जोडलं. इंजिनात पेट्रोलच्या मानानं हवा जास्त जातेय, म्हणजे कुठूनतरी चोरून शिरतेय, असं निघालं. गळती शोधायला तिनं इंजिनाच्या नळ्यांत पांढरा धूर भरला. धूर कुठूनच बाहेर येईना. आधीचे मेकॅनिकही इथवर पोचलेच होते.

ताईनं पाना खाली ठेवला आणि काकांना विचारलं, "दिवा लागायच्या आधी गाडी काय करते?"

"सिग्नलला थांबलो की थरथरते."

"गियरमध्येच? ब्रेक दाबून?"

"हो. चुकलं का माझं काही?"

ताई हसायलाच लागली. गियरमध्ये ब्रेक दाबून धरला की इंजिन जागच्या जागी थोडं कलतं, नळ्या ताणल्या जातात, आणि आधीच्या तिघांनीही गाडी नुसती उभी करून तपासली होती. तिनं इंजिनाखाली पहार घातली आणि बघत उभ्या असलेल्या मला तिच्यावर रेलायला सांगितलं. माझं वजन कधी नव्हे ते कामी आलं. इंजिन बोटभर उचललं गेलं आणि एका रबरी नळीच्या पोटाखालून धुराची बारीक रेघ वर आली. आम्ही दोघी पन्नाशी उलटलेल्या बायका टाळ्या पिटत नाचलो. काकांनीही गाडीभोवती दोन गिरक्या घेतल्या.

नळी दहा मिनिटांत बदलली, यंत्रानं दिव्याची नोंद पुसली. पण नोंद पुसली की गाडीचा कॉम्प्युटर सगळं विसरतो. त्याच्या चाचण्या पुन्हा पुऱ्या झाल्याशिवाय तपासणी पास होत नाही. त्यासाठी गाडी एका लयीत, न थांबता, लांब चालवायची.

"लांब म्हणजे किती?" काकांनी विचारलं.

"शंभर मैल तरी."

काका टोपीशी चाळा करत म्हणाले, "गस्टीन एकशे पाच आहे."

काकांनी रात्री बाईंना फोनवर 'उद्या येतो' एवढंच कळवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. काकांनी शर्टाला इस्त्री केली होती, कोलोन तर इतकं लावलं होतं की मी खिडकी उघडली. ताई मांडीवर यंत्र घेऊन पुढे बसली. वेग पंचावन्नच्या वर नाही, खाली नाही, अशी तिची ताकीद. मागचे ट्रक भोंगे वाजवून पुढे जात होते आणि काका प्रत्येकाला हात करत होते. एकेक चाचणी पुरी झाली की ताई लॉटरीचा आकडा सांगावा तशी सांगायची आणि आम्ही ओरडायचो. शेवटची राहिली, तेव्हा मला हसून हसून उचकी लागली होती. गस्टीनची पाटी दिसली आणि तीही झाली.

फिलोमेनाबाई फाटकाशी उभ्या होत्या. काकांनी वाटेत चारदा घोकलेलं वाक्य ऐनवेळी उडालं.

"इंजिन अगदी ठणठणीत आहे," ते म्हणाले.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही?"

काका कानापर्यंत लाल झाले. जेवायला एकाचं बोलावणं होतं, बाईंनी आणखी दोन ताटं मांडली.

सोमवारी गाडी पास झाली. पास झाल्याचा कागद काकांनी आधी ताईला दाखवला, मग मला, आणि मग पुन्हा गस्टीनला नेऊन दाखवला.