आदी रेग बघायची

चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाने पुसायचा, पुन्हा नाकावर चढवायचा आणि स्क्रीनवर बोट टेकवून म्हणायचं, "आदी रेग बघायची. मग गाडी. मानूस तर बघायचाच न्हाय." सिग्नलच्या कॅमेऱ्यांच्या खोलीत मी कामाला लागले, त्या सकाळी मामांकडून शिकलेलं हे पहिलं वाक्य.

वाहतूक पोलिसाला सगळं सोलापूर मामाच म्हणतं. पण हे हवालदार आमच्याशी वागायचेही मामासारखेच. सांगोल्याकडच्या मेंढपाळ घरातला माणूस. चौकात उभं राहून राहून गुडघे गेले, म्हणून त्यांना आमच्या खोलीत आणून बसवलं होतं. मी करकंब गावची, कंत्राटावरची ऑपरेटर.

चौकात थांबल्यावर खांबावरच्या कॅमेऱ्याकडे बघून तुम्हाला वाटत असेल, यंत्र दिसेल त्याला दंड लावतं. तसं नसतं. लाल दिवा लागल्यावर चाक पांढऱ्या रेघेपलीकडे गेलं की एक फोटो निघतो, गाडी चौकाच्या मध्यात पोचली की दुसरा. दोन्हींत लाल दिवा दिसायला हवा. आणखी एक कॅमेरा नंबर वाचतो. मग ते सगळं आमच्यापैकी कुणासमोर येतं. आम्ही 'मंजूर' केलं तरच मालकाच्या मोबाईलवर चलन जातं. 'नामंजूर' केलं, तर कारण निवडावं लागतं.

एकदा यंत्राने नंबरातल्या तीनला आठ वाचलं आणि नोंद ट्रॅक्टरची निघाली. मी मंजूर करणार, तेवढ्यात मामा हसायला लागले. "आगं, फटफटीचं चलन ट्रॅक्टरवाल्याला धाडतीस व्हय? त्यो बिचारा रानात नांगरत आसंल की!"

दुसऱ्यांदा एक स्कूटरवाला लाल दिव्यात सरळ रेघेपुढे गेलेला. मामांनी बोट फोटोच्या कोपऱ्यावर ठेवलं. तिथे रुग्णवाहिकेचं नाक जेमतेम दिसत होतं. "वाट दिली त्यानं. सोड त्याला." मी कारण निवडलं: रुग्णवाहिकेला वाट दिली. मामा दिवसभर खुशीत होते. येईल त्याला त्या स्कूटरवाल्याची गोष्ट सांगत होते.

नवी पेठेतले एक सराफ चलन रद्द करायला ओळख काढून आले, तर मामा हात जोडून म्हणाले, "शेट, माजी तुमची वळक हाय. कॅमेऱ्याची न्हाय." आणि एकदा तर खुद्द मामांचीच मोपेड लाल दिव्यात रेघेपुढे सापडली. मी नामंजूरकडे वळले, तर त्यांनी माझा हात धरला. "चाक फुडं हाय का न्हाय? मग लाव की!"

अशा माणसावर विश्वास ठेवायचा नाही तर कुणावर? आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला दोन दिवस गावी जायचं होतं. माझ्या वाट्याचं काम तुंबू नये म्हणून मी माझा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मामांना दिला. चूक होती, हे मला मान्य आहे. परत आल्यावर तो बदलायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सकाळी चिंचोळी एमआयडीसीकडे निघालेल्या टेम्पोने लाल दिवा तोडून एका भाजीवालीला उडवलं. जीव वाचला, पाय मोडला. टेम्पोचा मागचा इतिहास काढला गेला. त्याने आधी सात वेळा सिग्नल तोडला होता आणि एकही चलन गेलं नव्हतं. सातही वेळा नामंजूर. सातही वेळा कारण एकच: रुग्णवाहिकेला वाट दिली. फोटोत रुग्णवाहिका कुठेच नव्हती. खाली आयडी माझा होता.

वाहतूक शाखेच्या निरीक्षक मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. "टेम्पोवाला तुझा कोण?" त्यांनी मला विचारलं.

"कुणीच नाही, मॅडम."

"मामा, तुम्हाला काही माहीत आहे?"

मामांनी टोपी काढून हातात घेतली. "आपल्याला काय ठावं न्हाय, मॅडम."

पुढचं वाक्य ते बोलतील म्हणून मी थांबले. पासवर्ड त्यांच्याकडे आहे हे मी सांगू शकले असते. पण ते त्यांनी सांगायचं होतं. त्यांनी सांगितलं नाही. मॅडमनी मला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं.

चार दिवस मी त्या सात नामंजुरींच्या तारखांचा कागद घेऊन बसले होते. चौथ्या दिवशी लक्षात आलं, सातांपैकी दोन तारखा ऑपरेशनच्या होत्या. त्या दोन्ही दिवशी मी करकंबला होते. रजेचा अर्ज आणि दवाखान्याचा कागद मी मॅडमसमोर ठेवला. मी नसताना माझ्या आयडीवर कोण बसलं होतं, हे मॅडमनी मामांनाच विचारलं. मग त्यांना बोलावं लागलं. टेम्पो त्यांच्या जावयाचा होता. चलन आलं की तो घरी राग काढायचा आणि मुलगी रडत बापाला फोन करायची. स्वतःच्या आयडीवर केलं असतं तर नातं उघडं पडलं असतं.

बाहेर व्हरांड्यात मामा माझ्यासमोर उभे राहिले.

"तू माज्या लेकीवानीच हायस. सांबाळून घेशील वाटलं."

"एकदा विचारायचं तरी होतं, मामा."

"इचारलं असतं तर तू न्हाय म्हनली असतीस की."

"तुम्हीच तसं शिकवलं होतं."

मामा चष्मा पुसत राहिले.

मला कामावर परत घेतलं. मामांची खोलीतून बदली झाली आणि काही दिवसांनी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभ कुणी केला नाही. ती भाजीवाली आता पुन्हा चौकात बसते, शेजारी कुबडी ठेवून. मामांनी लेकीसाठी केलं, हे मला समजतं. पण कारणांच्या सगळ्या यादीतून त्यांनी नेमकं तेच कारण निवडलं, तेही माझ्या नावाने, हे मला अजून गिळता येत नाही. आज कुणा स्कूटरवाल्याने खरोखर वाट दिलेली असली, तरी मी तो फोटो तीन-तीनदा बघते.

गेल्या महिन्यात दुपारी त्यांचा फोन आला. मागे मेंढरं ओरडत होती. ते म्हणाले, "जेवलीस का?"

मी जेवले नव्हते. "हो," म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. फोन चालूच होता. तो मी ठेवला.