वहिनीच्या हाताला मासे जगत नाहीत

हे वाक्य तिच्या दिराने उच्चारलं, तेव्हा दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात सात पेशंट बसलेले होते. भिंतीजवळच्या मोठ्या टाकीत रात्रीतून सगळे मासे मेले होते. "काल टाकी वहिनींनीच धुतली. पंपाचा प्लग लावायला विसरल्या असणार," असं म्हणून त्याने हात झटकले.

प्लग तिने लावला होता. पण नवरा जाऊन जेमतेम सहा महिने झाले होते; रिकामी बादली उचलून ती बाहेर पडली. गिऱ्हाइकं तिला टाकीला हात लावू देईनात, आणि नवऱ्याने आणि तिने मिळून उभं केलेलं शोभेच्या माशांचं दुकान महिन्याभरात एकट्या दिराचं झालं. जो येईल त्याला तो तेच वाक्य ऐकवायचा.

तिने घराच्या दाराशी टेबल टाकलं आणि पंप दुरुस्त करायला बसली. काचेला तळवा लावला की पंप कुठे अडतोय ते तिला कळायचं. हळूहळू लोक येऊ लागले. दिराचं एखादं गिऱ्हाईक तुटलं की त्या दिवशी तिला दोन घास जास्त जायचे. सासूबाई म्हणायच्या, "अगं, सोडून दे आता." ती मान डोलवायची आणि काहीही सोडायची नाही.

तीन वर्षांनी डॉक्टरीणबाईंचाच फोन आला. "पाणी नीट फिरत नाहीये. तुमचे दीर दोन दिवस नुसतं येतो येतो म्हणतायत. तुम्ही याल का?"

ती गेली. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. तिने आधी हवेचा छोटा पंप चालू करून त्यांना श्वास दिला, मग मोठ्या पंपाचा प्लग काढला. स्पंज गाळाने भरला होता; बादलीत टाकीचंच पाणी घेऊन तो पिळून काढला. पुन्हा चालू केलं, तरी धार करंगळीएवढीच. नळी सोडवून फुंकर मारली, आरपार गेली. म्हणजे दुखणं पंपाच्या पोटात. पुन्हा प्लग काढून तिने झाकण उघडलं. आतल्या पंख्याचं एक पातं तुटलेलं, दांडा झिजलेला.

"हा कधी बसवला?"

"गेल्याच महिन्यात. नवा कोरा."

तिने पंप उलटा केला. तळाला नेलपॉलिशचा लाल ठिपका होता. दुकानात असताना बाद पंपांवर ती स्वतः असे ठिपके द्यायची, चुकून कुणाच्या घरी जाऊ नयेत म्हणून. तिचे कान तापले. पण आवाज अगदी गार होता. "डॉक्टर, भाऊजींना बोलवा. आत्ता आला नाहीत तर पंप दुसऱ्याला उघडायला देते म्हणावं. मी आहे ते सांगू नका."

दीर आला, तिला पाहून दारातच थबकला. बाकांवर माणसं बसलेली होती. तिने पंप त्याच्या हातात दिला. "हा ठिपका कुणाचा, भाऊजी?"

"वहिनी, घरचं भांडण बाहेर कशाला?"

"बाहेर तुम्ही काढलंत. मला, इथूनच. आता तीन वर्षांपूर्वी काय झालं होतं तेही सांगा. नाहीतर असे ठिपके शोधत मी तुमच्या एकेका गिऱ्हाइकाच्या घरी जाणार आहे."

त्याने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी हाताची घडी घातली होती. तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने."

"प्लग लावलेला होता. पंप जळाला होता. तोही... तोही जुनाच होता."

"आणि माझा हात?"

"हाताचा काही दोष नव्हता."

बाकावर एक आजी गालाला रुमाल धरून होत्या. त्या दातदुखी विसरून म्हणाल्या, "मग माफी माग की रे!" त्याने मागितली. तिने ती ऐकून घेतली, माफ मात्र केलं नाही. नवा पंप बसवला, धार काचेवर नीट आपटतेय हे पाहिलं आणि हात पुसले.

एवढ्यावर ती थांबली नाही. बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही गेली आणि आणखी चार ठिपके सापडले. वर्षाच्या आत दिराने दुकान बंद केलं.

त्या दिवशी सासूबाई आल्या. दारात उभ्या राहूनच त्यांनी विचारलं, "झालं समाधान?"

"झालं, आई."

त्या न बसताच परत गेल्या. तिला वाटलं होतं, आता थोडं तरी वाईट वाटेल. ती वाट पाहत राहिली. वाटलं नाही.