लांबकान्याच्या तोंडावरचं शेण

पाटलानं शेणाची पाटी पायानं माझ्याकडं ढकलली आणि म्हणाला, “मार रं. मान हाय तुमचा.”

मान! थू त्या मानावर. पण तेव्हा मी थुंकलो नाही. वाकलो, पाटी उचलली आणि मुठी भरभरून शेण मारलं. गाव टाळ्या पिटत होता. पाटलाचा भाऊ ओरडला, “तोंडावर मार की, महारड्या!” मी तोंडावर मारलं.

शिमगा होता. आमचं गाव केम टेसनापासून दोन कोसांवर. गावाबाहेर चिंचेखाली मांडी घालून बसलेला एक दगडी पुरुष. डोळे मिटलेले, कानाच्या पाळ्या पार खांद्याला टेकलेल्या. गाव त्याला लांबकान्या म्हणायचं. सांगायचे, हा परमुलखातला गोसावी. महारवाड्यात भाकरी खाल्ली, बाटला, म्हणून जागच्या जागी दगड झाला. मग वर्षाची इडापिडा त्याच्या अंगावर काढायची. आणि ती काढायची कुणी? येसकरानं. गावाची राखण आणि सांगकामं करणारा महार तो येसकर. आज्यानं मारलं, बापानं मारलं. बाप मेला, मी विशीत होतो, पाटी माझ्याकडं आली. शेण मारलं की घरोघरच्या पुरणपोळ्या मिळायच्या. आम्ही मिटक्या मारत खायचो. खोटं कशाला बोलू?

त्याच उन्हाळ्यात एका सकाळी पाटलानं चावडीवर बोलावलं. तिथं भगव्या वस्त्रातला, डोकं तासलेला एक म्हातारा उभा होता. ब्रह्मदेशाचा भिक्खू. गया, सारनाथ करून दक्षिणेकडं निघालेला. टेसनावर कुणीतरी त्याला लांबकान्याचं सांगितलं होतं. पाटील हसून म्हणाला, “जा, ह्याला तुमचा देव दाव.”

मी पुढं निघालो, सावली पडू नये म्हणून लांबलांब. तो झपाझपा येऊन शेजारी चालायला लागला. मी सरकलो की तोही सरकायचा. वैतागच आला.

चिंचेखाली पोचलो. वहाणा काढून तो पुढं गेला आणि थांबला. शेणाच्या खपल्या धरल्या होत्या. नाक दिसत नव्हतं. तो मटकन खाली बसला, कपाळ मातीला टेकवलं. उठला तेव्हा डोळ्यांतून घळाघळा पाणी.

“ये बुद्ध भगवान हैं,” तो म्हणाला. “हमारे मुलुक में इनको सोने का वर्ख लगाते. सिलोन में, सयाम में फूल चढ़ाते.” मग माझ्याकडं वळला. “ये किसने किया?”

माझे हात आपोआप पाठीमागं गेले. टेसनावर हमाली करून मोडकी हिंदुस्थानी येत होती मला. म्हणालो, “मालूम नहीं, बाबा.”

ओढ्यातनं पाणी आणलं. मी ओतत होतो, तो आपल्या वस्त्राच्या टोकानं तोंड पुसत होता. खपली निघाली की खाली तेच मिटलेले, शांत डोळे. रागावलेले असते तर बरं झालं असतं.

पाटलानं जेवायला बोलावलं होतं. पण दुपार व्हायच्या आत म्हातारा आपलं भांडं घेऊन आमच्याच दारात उभा. आई घाबरली. रडायलाच लागली. “नगं बाबा, हितं जेवू नगं. दगड व्हशील!”

बाटून दगड झाल्याची गावातली गोष्ट मी त्याला सांगितली. तो हसला नाही. “पत्थर नहीं हुए, माई. लोगों ने याद के लिए पत्थर में बनाया.” बसला आणि भाकरी-कालवण जेवला. आई त्याच्या पायांकडं टक लावून बघत राहिली. जेवण झालं, तो उठला, चालला. आई म्हणाली, “अगं बया! काय बी झालं न्हाय की.”

टेसनापर्यंत मी त्याच्याबरोबर गेलो. वाटेत कितीदा तोंड उघडलं. बाबा, हे माझ्याच हातांनी केलं, एवढंच सांगायचं होतं. जमलं नाही. गाडी गेली. आज म्हातारा झालो तरी जेवताना मधेच घास थांबतो. हाताला शेणाचा वास येतो. बायको म्हणते, भ्रम आहे. असेल. पण मला येतो.

वर्ष फिरलं. शिमगा आला. पाटी आली.

“न्हाय मारणार,” मी म्हणालो.

“का रं? मान नगं व्हय?”

“तुमीच घ्या. हात तुमालाबी हायत.”

पहिली काठी खांद्यावर बसली. पुढचं आठवत नाही. येसकरकी गेली. वाण्यानं दुकानाची पायरी बंद केली. आठवड्यानं सांगावा आला, चावडीपुढं नाक घास, सगळं परत मिळेल. आईच्या पोटात दोन दिवस अन्न नव्हतं. मला वाटलं, ती जा म्हणेल. मी गेलोही असतो. ती म्हणाली, “त्यो बाबा आपल्यात जेवला रं. जायाचं न्हाय.”

आम्ही सोलापुरात आलो. मी गिरणीत लागलो, पोरं झाली. त्यांच्यापासून काही लपवलं नाही. तुमच्या बापानं बुद्धाच्या तोंडावर शेण मारलंय, हे मीच सांगितलं. आणि बजावलं, दुसऱ्यानं मार म्हटलं म्हणून कुणावर हात उचलायचा नाही. तुमच्यावर कुणी उचलला, तर मनगटातच धरायचा. पाटलाचा असो, नाहीतर कुणाचा. सोडायचा नाही.